कंदील विझला नाही

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात एकदा ओठांपर्यंत आलं होतं, पण मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि विषय बदलला. मुलालाही नाही. मित्राला तर नाहीच, कारण गोष्ट त्याच्याच घरातली होती. गेल्या महिन्यात जिला हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला सांगून आलो, आणि तिनेच बजावलं की एवढ्यावर भागणार नाही. म्हणून आता तुमच्यापाशी बसलो आहे.

कुठून सुरू करू? खोलीपासून? — नको. पेवापासून करतो.

पेव तुम्ही पाहिलं नसेल. आमच्या भागात पूर्वी ज्वारी जमिनीखाली साठवत. खोल खड्डा, आतून कडब्याचा थर, तोंडावर दगड, वर माती. आत ज्वारी टिकते, पण हवा टिकत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरलेला माणूस तिथेच कोसळतो. उतरायचं कुणी? ज्वारी मालकाची, उतरणारी माणसं आमची. माझे मोठे चुलते असेच एका पेवात उतरले आणि वर आले ते दोरीने ओढूनच. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण त्या दिवसापासून माझ्या बापाने एक नियम धरला. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही — मालक कितीही ओरडो. बाप म्हणायचा, "माणूस लबाड बोलते, कंदील नाही बोलत."

त्या बापाचा मी मुलगा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मी शिकलो, ओव्हरसियर झालो. मोताळ्याजवळच्या आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतला मी पहिलाच. जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेत नोकरी केली. लोकांच्या घरांचे नकाशे तपासायचं काम. जोतं किती उंच, जिना किती रुंद, खिडक्या किती. तळघराच्या बाबतीत तर मी फार कडक होतो. नियम साधा आहे. तळघर सामान ठेवण्यासाठी. तिथे माणसं बसवायची असतील तर बाहेरच्या हवेकडे उघडणारे झरोके हवेत, जमिनीच्या मापाच्या हिशोबात पुरेसे हवेत, आणि समोरासमोरच्या भिंतींत हवेत — हवा एकीकडून येते, दुसरीकडून जाते, तिला एकच दार देऊन चालत नाही. तेवढं जमत नसेल तर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. एका व्यापाऱ्याने दुकानाच्या तळघरात शिकवणी वर्ग काढायचं ठरवलं होतं. झरोका एकच. मी त्याचा नकाशा परत पाठवला. तो चिडून म्हणाला, "साहेब, लेकरं काय हवा खातात का?" मी म्हणालो, "हो, खातात." हे उत्तर मी कितीतरी वर्षं कौतुकाने लोकांना सांगत असे.

कळतंय ना — मला माहीत होतं. अज्ञानाचा आधार मला घेता येत नाही.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वस्तीने विहार बांधायला काढला होता. जागा उताराची. समोर रस्ता, मागे नाला. मीच सुचवलं की उताराचा फायदा घेऊ, खाली अर्धी जमिनीत गेलेली एक मोठी खोली काढू, मुलांना अभ्यासाला. घरात एका खोलीत पाच माणसं, टीव्ही, चूल, म्हातारी खोकणारी — तिथे पोरं अभ्यास कशी करणार? सगळ्यांना पटलं. नकाशा माझा, देखरेख माझी, घाम वस्तीचा. नाल्याकडे खिडक्या ठेवल्या, रस्त्याच्या बाजूला छताखाली झरोके. खोली पूर्ण झाली तेव्हा मी मधोमध उभा राहिलो आणि मानेवर वारा लागला. तो वारा मला अजून आठवतो. तेवढं तरी मी नीट केलं होतं.

नंतर समोरचा रस्ता सिमेंटचा झाला.

रस्ता पुन्हा केला की उंच होतो, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. जुना खरवडून कोण काढतो? वर थर टाकतात. झरोके ठेवताना मी ती उंची धरायला हवी होती. धरली नाही. विसरलो म्हणा, घाई म्हणा — काहीही म्हणा, चूक माझी. पहिल्याच जोरदार पावसात रस्त्यावरचं पाणी झरोक्यांतून सरळ खोलीत. वस्तीने गोळा केलेली पुस्तकं भिजली. बायका पुस्तकांची पानं अंगणात, कुंपणावर, बाजेवर वाळत घालत होत्या आणि जाता-येता मला विचारत होत्या, "साहेब, पाणी कुठून आलं हो?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. "माझी उंची चुकली" — तीन शब्द. पण मी पहिला इंजिनिअर होतो ना. आया मुलांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, असं व्हा. त्या बोटाची मला सवय लागली होती. मी म्हणालो, नाली तुंबली. आणि गवंड्याला बोलावून झरोके विटांनी बुजवून घेतले, वर गिलावा, वर चुना. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं — रस्त्याची धूळ येते, गाड्यांचा आवाज येतो. कुणी वाद घातला नाही. साहेब सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

राहिल्या नाल्याकडच्या खिडक्या. नाल्याला वास, डास. मुलं त्या लावूनच बसत. हेही मी रोज पाहत होतो.

आता करुणाकडे येतो. येतो म्हणतो आणि अजून नाल्याभोवतीच फिरतो आहे — असू द्या.

करुणा ही माझ्या मित्राची, नामदेवची मुलगी. नामदेव मला दादा म्हणायचा, त्यामुळे ती मला मोठेबाबा म्हणायची. बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. वस्तीत कुणाला ताप आला की ही मनगट धरून बसायची आणि ओठ हलवत ठोके मोजायची. सगळे हसायचे. नामदेव म्हणायचा, "आमची डाक्टरीण फी घेत नाही, फक्त भेव दाखवते." त्या अभ्यासिकेत ती सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर उठायची. तिची जागा ठरलेली — रस्त्याकडच्या भिंतीशी, आतला कोपरा. बुजवलेल्या झरोक्यांच्या बरोबर खाली.

परीक्षा जवळ आली तशी खोली भरली. उन्हाळा लागलेला, दार आवाज नको म्हणून लावलेलं. मुलं पेंगायची. कुणाचं डोकं दुखायचं. आया म्हणायच्या, पुस्तक उघडलं की यांचं डोकं दुखतं. हशा व्हायचा. मीही हसायचो.

एके दुपारी करुणा बाकावरून खाली पडली. पडताना तिचे हात झटकले गेले. पोरी किंचाळल्या. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. अंगणात आणल्यावर थोड्या वेळात ती उठून बसली आणि म्हणाली, मले काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पडली. पुन्हा हात झटकले. मग तो शब्द निघाला — फिट. एकदा निघाला की हा शब्द घरोघर जेवायला जातो.

नामदेव माझ्याकडे आला. अंगणात उभाच राहिला, बसला नाही. म्हणाला, "दादा, खोलीत हवा कमी तं नाही ना? पोरगी म्हणते, तिथंच होते मले, घरी नाही होत."

बघा, तिला कळलं होतं. बारावीतल्या मुलीला कळलं होतं. आणि तिच्या बापाने अगदी बरोबर माणसाला बरोबर प्रश्न विचारला होता. मी काय केलं असेल?

मी म्हणालो, "उद्या साऱ्यांसमोर पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापाचा कंदील घेऊन गेलो. वस्ती जमली. म्हाताऱ्यांनी तो कंदील ओळखला. माझ्या चुलत्यांची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? खोली रात्रभर रिकामी होती, दार मी पहाटेच उघडून ठेवलं होतं — हे कुणाच्या लक्षात आलं नाही, मी येऊ दिलं नाही. कंदील पेटवला, दोरी बांधली, जिन्यावरून हळूहळू खाली सोडला, जसा बाप पेवात सोडायचा तसाच. कंदील मजेत जळत होता. करुणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथेही जळत होता. एका म्हातारीने हात जोडले. मी वर बघून म्हणालो, "हवा चांगली आहे."

कंदील कशाची खूण देतो? माणूस आत्ता, या घडीला मरेल की नाही, त्याची. पेवात तेवढंच हवं असतं. भरलेल्या खोलीत, लावलेल्या दारामागे, तासन् तास बसलेल्या मुलीला किती हवा पुरेल हे कंदिलाला कळत नाही. मला कळत होतं. माझ्या बापाने जीव वाचवायला जी खूण जपली, चुलत्याच्या जिवावर जी शिकला, ती मी खोट्या साक्षीला उभी केली. कंदील लबाड बोलत नाही म्हणायचा माझा बाप. त्या सकाळी मी त्याला बोलायला लावलं.

सगळे कंदिलाकडे बघत होते. करुणा माझ्याकडे बघत होती.

पुढचं भरभर सांगतो, कारण ते भरभरच घडलं. तिचं अभ्यासिकेत येणं बंद झालं. झटक्याच्या गोळ्या सुरू झाल्या. बारावी ती घरातूनच पास झाली, नर्सिंगला नंबर लागेल असे गुण होते. पण फिटवाल्या पोरीला होस्टेलात कोण ठेवणार? नामदेवने पाठवलं नाही. दुसरबीडहून स्थळ आलं होतं, चांगलं होतं, ते बातमी ऐकून परत गेलं. शेवटी एका बिजवराला दिली. माणूस भला निघाला, यात माझं काही श्रेय नाही. तिला नंतर एकदाही फिट आली नाही. लोक म्हणाले, गोळ्यांचा गुण.

आणि मी? त्याच उन्हाळ्यात, ती यायची बंद झाल्यावर, मी त्या खोलीला एग्झॉस्ट पंखा बसवून दिला. उकडतं म्हणून, असं सांगितलं. मुलांची डोकेदुखी थांबली, पेंगणं थांबलं. तेव्हा तरी बोलायचं? वस्तीने माझा सत्कार केला, शाल घातली. मी ती घेतली. नामदेवनेच घातली ती शाल.

एकदा एका डॉक्टरला मी विचारलं होतं — नात्यातल्या एका मुलीचं म्हणून. तो म्हणाला, कोंदट जागेत, उकाड्यात, उपाशीपोटी नुसती भोवळ आली तरी पडताना हात झटकले जातात कधीकधी, त्याला लोक फिट समजतात. मी मान हलवली आणि घरी आलो. म्हणजे मला पुरतं कळलं होतं, त्यानंतरही मी गप्प राहिलो. नामदेव वारला तेव्हा खांदा द्यायला मी पुढे होतो. त्याच्या डोळ्यांत मी कधी संशय पाहिला नाही. तो संशय असता तर बरं झालं असतं.

मग आता काय झालं, विचाराल. आता वीसेक वर्षांनी?

कंदील तिथेच राहिला होता. अभ्यासिकेत एका फळीवर, काचेच्या पेटीत. खाली पाटी — साहेबांनी या कंदिलाने येथील हवा तपासली. नवी मुलं आली की त्यांना ती गोष्ट सांगत. मध्यंतरी तो पंखा जळाला. बैठकीत नवीन आणायचा विषय निघाला. मी वडीलधारा म्हणून खुर्चीवर बसलेलो. समितीतला एक तरुण म्हणाला, "काऊन उगाच आणता? साहेबाईनं कंदील लावून पाह्यला होता नं? हवा एकदम फस्कलास हाय." तेवढ्यात कुणीतरी बोललं की करुणाच्या पोरीचं तिथे डोकं दुखतं. नामदेव गेल्यावर करुणा आईला सांभाळायला नवऱ्यासकट इथेच राहायला आली आहे, आणि तिची मुलगी यंदा दहावीला त्याच खोलीत बसते. मागून एकजण हसून म्हणाला, "मायसारखीच कमजोर असंन."

मी उठलो. काठी तिथेच विसरलो. सरळ करुणाच्या घरी गेलो.

ती ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. तिची आई आत बाजेवर. मी बसलो आणि सगळं सांगितलं — रस्त्याची उंची, विटा, पहाटे उघडलेलं दार, डॉक्टर, शाल. पानं खुडणारे तिचे हात थांबले. माझं झाल्यावर तिने भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे मले फिट नव्हती."

"नव्हती. कधीच नव्हती."

ती दाराकडे वळली. "आई, आयकलं का? मले फिट नव्हती."

म्हातारीला कमी ऐकू येतं. "काय नव्हती?"

"फिट! फिट नव्हती मले!" — ती इतक्या मोठ्याने ओरडली की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. "मोठेबाबाईनं झरोके बुजवले होते. मले काहीच नव्हतं झालं!"

मग ती माझ्याकडे वळली आणि मला वाटलं आता रडेल. ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "अन् कंदील काय लावला हो तुमी, मोठेबाबा! कंदिलाले काय बारावीचा पेपर द्याचा होता का?"

मला हसू आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं. इतक्या वर्षांत त्या सकाळीबद्दल पहिल्यांदाच कुणी खरं बोललं होतं.

"माफ केलं" असं ती म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नव्हती. ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय उपेग? मले तं तवाच मालूम होतं. ज्याईले कंदील दाखवला, त्याईले सांगा."

सांगितलं. पुढच्या बैठकीत, उभं राहून. एकजण, माझ्याच वयाचा, समजुतीने म्हणाला, "जुनी गोष्ट हाय साहेब, जाऊ द्या." खरं सांगतो, तो आवाज मला उशीसारखा वाटला. पण बायकांच्या बाजूने करुणा बोलली — "जाऊ काऊन द्या?" मग मी उरलेलंही सांगितलं. शालीचंही.

काही लोक आता मला नमस्कार करत नाहीत. एका बाईने तोंडावर विचारलं, नामदेवभाऊच्या प्रेताला कसा हात लावला तुम्ही? पण घरी जाऊन जेवलो. दोन भाकरी. आणि झोप लागली. हे हलकेपण मी कमावलेलं नाही, हे कळतं मला. तरी आहे.

झरोके पुन्हा फोडले. या वेळी भिंतीबाहेर पेटीसारखा उभा कप्पा बांधून तोंड रस्त्याच्या वर नेलं, वर छपरी केली, पाणी येणार नाही असं. नाल्याकडच्या खिडक्यांना डासांची जाळी. पंखा नवीन. करुणाची मुलगी आईच्याच कोपऱ्यात बसते. दार लावून, खोली भरल्यावर मी एकदा जाऊन उभा राहिलो. मानेवर वारा लागला.

कंदील घरी न्यायला निघालो तर करुणा म्हणाली, "राहू द्या तिथंच. पाटी बदला."

पेंटर आला. मजकूर मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. या खोलीत हवा कमी होती. झरोके मी बुजवले होते. हा कंदील मी रिकाम्या खोलीत पेटवून लोकांना फसवलं. करुणाला फिट कधीच नव्हती. खाली माझं पूर्ण नाव.

पेंटरने ब्रश पुसला, मागे सरून पाटीकडे पाहिलं. "साहेब, खाली जागा उरली. क्षमस्व टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "एवढंच."